गारठलेल्या डिझेल गाडीचा पांढरा धूर

उंचावरच्या मुक्कामी पहाटे निघायचं ठरलं होतं, पण आमची जुनी डिझेल गाडी काही केल्या सुरू होईना. "बॅटरी गेली," सोबत्याने निकाल दिला. सगळे आधी बॅटरीलाच धरतात. पण स्टार्टर जोरात फिरत होता आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत होतं, पेट घेत नव्हतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबून तापलेल्या हवेनेच इंधन पेटतं. गारठलेलं इंजिन ती उष्णता शोषून घेतं, त्यात उंचीवर हवा विरळ. प्री-चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरलगतच्या छोट्या कप्प्यात इंधन पेटवणाऱ्या, जुन्या इंजिनांत ही कसर हीटर प्लग, म्हणजे विजेवर तापणाऱ्या कांड्या, भरून काढतात. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा नेमाने लागून विझत होता, पण त्याच्यावर विसंबू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो फक्त टायमर दाखवतो. प्लग तापले का, हे त्याला ठाऊक नसतं.

बॉनेट उघडून प्लगांना जोडणारी पट्टी सोडवली. टेस्ट लॅम्पचा, म्हणजे वीज तपासायच्या छोट्या दिव्याचा, चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि टोक एकेका प्लगच्या शेंड्यावर टेकवलं. चांगल्या प्लगवर दिवा लागतो. चारांपैकी दोनच प्लगांवर लागला. शेजारच्या गाडीवाल्याने ईथरचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या द्रवाचा, स्प्रे पुढे केला, तो हात जोडून परत दिला. तापल्या प्लगवर ईथर भलत्या वेळी पेटतो आणि पिस्टनची वाट लागते. पट्टी घासून पुन्हा बसवली, हीटर लागोपाठ दोनदा दिला, मग स्टार्टर. गाडी दोन सिलिंडरवर खोकत उठली आणि थोड्या वेळाने चारही लागले.

खाली उतरल्यावर प्लग बदलले, तेही इंजिन गरम असतानाच. थंड इंजिनात कार्बनने धरलेला प्लग जोर लावला की तुटतो, आणि टोक आत राहिलं तर इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, उतरवण्याची पाळी येते.

एवढं करूनही पुढच्या मुक्कामी सकाळी तीच रड. या वेळी मात्र धुराचा मागमूस नाही, म्हणजे डिझेलच पोचत नव्हतं. फिल्टरवरचा हातपंप दाबला तर पिचपिचीत. रात्रीतून डिझेलच्या लाइनने हवा घेतली होती. पंप कडक होईपर्यंत मारला आणि गाडी लगेच लागली. फिल्टरजवळच्या रबरी नळीचं टोक चिरलं होतं. तेवढं कापून नळी नव्या क्लिपने आवळली.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५० या जाडीचं आहे, थंडीत ते फार घट्ट होतं. पुढच्या वेळी कंपनीच्या पुस्तकात बसत असेल तर त्याहून पातळ १५डब्ल्यू-४० घालणार आहे.