कळणा नर निघाला, आणि तो बरणीने पकडला

कळणा म्हणजे माझ्या पाळीव उंदरीण (रॅट) काशीच्या वेतातलं पिल्लू, नर की मादी ते ठरतच नव्हतं, त्याचा निकाल लागला. नर. दोन्ही गोळ्या (वृषणं) स्वच्छ दिसल्या, फोटोही काढून ठेवलाय, आता वाद नको.

बाकीच्या पिल्लांचं मागे लिहिलंच होतं, म्हणून उरकतो. बट्टी, डुबुक आणि दोन्ही हुडेड (डोक्या-खांद्यावर रंगाचं टोपडं असलेल्या) बहिणी माद्या. फौजदार आणि ठेचा नर. यांची पोटं पांढरी, त्यामुळे त्रास झालाच नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी लव फुटलेली असते पण दाट झालेली नसते, तेव्हा माद्यांच्या पोटावर सडांचे ठिपके दोन ओळींत उमटतात. सहा जोड्या, बारा सडं. उंदराच्या नराला सडं नसतातच, त्यामुळे ठिपका दिसला की विषय संपला. बट्टीचे बाराही एकाच फोटोत आले. तो फोटो मी उगाचच सगळ्यांना दाखवत फिरलो. नंतर केस सगळं झाकून टाकतात, म्हणून हे दोन-तीन दिवस सोडू नका.

कळणा मात्र नावासारखाच, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत काळपट. पोटही काळं. काळ्या कातडीवर ठिपके शोधायला टॉर्च, मोबाईलचा मॅक्रो, सगळं करून झालं. दिसलं काहीच नाही. पण काळ्या पिल्लात ठिपके न दिसणं हा पुरावा नव्हे, ते असूनही दिसत नाहीत.

मग राहिलं अंतर. मूत्राच्या जागेपासून गुदापर्यंतचं अंतर नरात मादीच्या साधारण दुप्पट असतं आणि जन्मापासून असतं. भावंडं शेजारी शेजारी धरली की फरक डोळ्यांत भरतो. फौजदार आणि बट्टी असे धरले तर शाळकरी पोरगंही सांगेल. कळण्याचं अंतर मात्र धड ना इकडचं ना तिकडचं. बट्टीपेक्षा जास्त, फौजदारापेक्षा बरंच कमी. यावर आपल्या उंदीर पाळणाऱ्यांतल्या एकाने फोनवर थिअरी मांडली की मादी पिल्लू गर्भात दोन नरांच्या मधे वाढलं तर तिचं अंतर जरा जास्त भरतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर हे खरंच पाहिलेलं आहे, त्यामुळे मीही ‘मादीच असणार’ म्हणायला लागलो होतो. पण कळणा वेतातलं सगळ्यात बारकं पिल्लू. अंग लहान तर अंतरही लहान भरणार. म्हणजे लहान नर की लांब अंतराची मादी, दोन्ही तितकंच शक्य. पुढचा कोंब बघून ठरवू म्हणाल तर तेही नको. मादीलाही मूत्राच्या जागी छोटा कोंब असतो आणि नवखे हमखास तिथेच फसतात. मादीची योनी वेगळी असते, पण ती साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास उघडते. तोवर पडद्याने बंद.

आणि पाचव्या आठवड्यापर्यंत थांबायला वेळ कुठे होता? तोवर नर कामाला लागू शकतात. मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते आणि 21 ते 23 दिवसांत व्याते. नरांना आई कोण, बहीण कोण, काही पडलेली नाही. कळण्याला बहिणींत ठेवावं आणि तो नर निघावा, किंवा भावांत ठेवावं आणि ती मादी निघावी, दोन्हीकडे घात. एकटं ठेवलं तर पिल्लू झुरतं. शेवटी पिंजऱ्यात मधोमध बारीक जाळी मारली, एका बाजूला कळणा, दुसऱ्या बाजूला डुबुक. दोघं जाळीला नाकं लावून झोपायचे. आमची आजी रोज विचारायची, ‘हाई पोर शे का पोऱ्या?’ म्हणजे ही मुलगी आहे की मुलगा?

चौथा आठवडा आला तरी गोळ्या दिसेनात. फौजदाराच्या तर केव्हाच दिसल्या होत्या. इथे मला खरी गोष्ट सुचली. नराची वृषणं वर पोटाकडे जायची वाट आयुष्यभर उघडीच राहते. थंडी वाजली की तो ती आत ओढतो, घाबरला तरी ओढतो. मी काय करत होतो? अमळनेरच्या थंडीत सकाळी सात वाजता, गार हातांनी, पिल्लाला उताणं पाडून बघत होतो. मोठा, धीट नरही अशा वेळी काही दाखवणार नाही.

म्हणून दुपार धरली. आपल्याकडे या दिवसांत सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा असतो, त्याचा कधी नव्हे तो उपयोग झाला. बिस्किटांची मोठी पारदर्शक प्लास्टिकची बरणी, झाकण न लावता, आत केळ्याचा नखाएवढा तुकडा. कळण्याला पकडलंच नाही, आपणहून आत शिरू दिलं. बरणी दोन पुस्तकांवर टेकवली आणि मधल्या फटीतून मोबाईल खाली सरकवला. तो निवांत केळं खात बसला आणि मागे दोन फुगीर गोळ्या, लहान पण ठसठशीत. आजीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, ‘पोऱ्याच शे!’

अंतर मोजायला व्हर्निअर (मिलिमीटर मोजायची पट्टी) मागवणार होतो, आता रद्द. वळवळणाऱ्या पिल्लावर मिलिमीटर मोजणं हा छळ आहे, त्याला आणि आपल्यालाही. भावंडांचे एकाच पवित्र्यातले फोटो शेजारी ठेवणं पुष्कळ बरं. ओळखीसाठी शेपटीवर मार्करने कडी काढताय ना? ती चाटून चाटून जाते, दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढा, नाहीतर फोटो कुणाचा तेच कळत नाही.

ज्या दुकानातून काशी आणली तिथला गडी शेपटीची जाडी बघून नर-मादी सांगतो. त्याच पद्धतीने त्याने सगळे एका पिंजऱ्यात कोंबलेले, म्हणून काशी गाभणच आली. दुकानात फक्त एकच बघा, नर-माद्या वेगळ्या ठेवल्यात का. तिथूनच एक ग्राहक घरटं करायला कापूस घेऊन जाताना दिसला. खान्देशात कापूस फुकट मिळतो हे खरं, पण त्याचे धागे पिल्लांच्या पायाला आवळतात. वर्तमानपत्राच्या पट्ट्या टाका.

लिहिता लिहिता सुचलं, बरणीऐवजी घरातला काचेचा टीपॉय का नको? अख्खं वेत एकदम वर सोडायचं आणि आपण खाली सतरंजीवर आडवं व्हायचं. नको, काच गार असते, पुन्हा गोळ्या गायब. उन्हाळ्यात करून बघेन म्हणणार होतो, पण आपल्या उन्हाळ्यात वेतच नको. तिशीच्या वर पारा गेला की यांची तगमग सुरू होते, घाम येत नाही, उष्णता मुख्यतः शेपटीतून बाहेर पडते. वैशाखात कूलरसमोर मोठे सांभाळताना नाकी नऊ येतात, तिथे पिल्लं कुठे वाढवणार. तेव्हा टीपॉय पुढच्या दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आत.

उद्यापासून कळणा फौजदार आणि ठेच्याकडे. आधी जाळीतूनच, कारण फौजदार आत्ताच दांडगाई करतो. धुळ्याच्या भाऊंनी मागितलेली माद्यांची जोडी म्हणून बट्टी-डुबुक रविवारी जातील. दोघी एकत्रच, एकेकटी मिळणार नाही. कुणाकडे काळ्या पोटाची पिल्लं असतील तर दुपारची बरणी करून बघा आणि कितव्या दिवशी दिसलं ते कळवा, माझ्याकडे सध्या एकाच पिल्लाचा दाखला आहे.