निकाल लागला, आता दीड महिना लेकरं घरी: शेततळं, कूलर, ऊन आणि वीज

महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की बहुतेक प्राथमिक शाळांत निकाल हातात पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागते. मराठवाड्यातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या त्यानंतर. त्यामुळे अकोला-यवतमाळच्या पाहुण्यांची तारीख धरून लेकराला तिकडे ठेवू नका. पाठ्यपुस्तकं पहिल्याच दिवशी वाटली जातात. नेमकी तारीख आपल्या शाळेच्या फलकावरचीच खरी.

प्रगतिपत्रकावर सगळ्यांची नजर आधी श्रेणीवर जाते. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, असं ते खाली उतरत जातं. खरं वाचायचं ते बाजूच्या वर्णनात्मक नोंदींमध्ये असतं. ‘जोडाक्षरं वाचताना अडखळतो’, ‘हातच्याची वजाबाकी करताना मदत लागते’ अशी एक ओळ सापडली तरी सुट्टीतला अभ्यास ठरतो. रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचन आणि चार गणितं एवढंच, पण रोज. पाचवीच्या पालकांनी मात्र निकाल नीट पाहावा. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. एखाद्या विषयात लेकरू मागे पडलं तर पुनर्परीक्षा असते आणि तिच्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. त्या परीक्षेची तारीख गुरुजींना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. गावाला गेलेली लेकरं नेमकी तिथेच चुकतात.

चौथीपर्यंतच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्यांनी दाखला घेताना शाळेतच उभं राहून नाव, वडिलांचं व आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून घ्यावी. शाळेत नाव असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती कागदपत्रं देऊन होते. दाखला निघाल्यावर तेच काम फार किचकट होतं. ज्या लेकरानं पाच वर्षं ओलांडली आणि आधारवर अजून बोटांचे ठसे दिलेले नाहीत, त्याचं ते काम याच सुट्टीत उरका.

बीड, धाराशिव, जालना भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. वर्षाचा मोठा भाग फडावर गेलेल्या लेकरांच्या आईवडिलांना वाटतं, की नाव कटलं असणार, आता शाळेत काय तोंड दाखवायचं. तसं काही नाही. शिक्षण हक्क कायद्यानं लेकराला वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शाळा उघडण्याची वाट न पाहता मुख्याध्यापकांना आताच भेटा.

आता सुट्टीतल्या धोक्यांचं. घराघरात उन्हाची धास्ती असते आणि ती असायलाच हवी. पण आमच्या मते मराठवाड्यात लेकरांसाठी सगळ्यांत फसवी जागा आहे प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं. विहिरीला पायऱ्या असतात, कपार असते, धरायला मोटारीचा पाइप असतो. शेततळ्यात यातलं काहीच नसतं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं आणि ३ मीटर खोल असतं, म्हणजे मोठ्या माणसाच्याही डोक्यावर पाणी. चारी बाजूंनी उतार, उतारावर जाड प्लॅस्टिक, आणि पाण्यालगतच्या पट्ट्यात हिरवं शेवाळ. लेकरू काठावर बसून पाय बुडवतं, घसरतं, आणि वर यायला हातपाय मारील तेवढं खाली सरकतं, कारण ओल्या प्लॅस्टिकवर ना बोट रुततं ना टाच. पोहता येणारा माणूसही यातून सहज वर येत नाही. वाचवायला गेलेला भाऊ किंवा बाप त्याच उतारावरून खाली जातो. एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात ती अशी.

उपाय खर्चिक नाही. तळ्याच्या चारही बाजूंना, काठापासून दोन-अडीच हात मागे, पक्क्या जमिनीत लोखंडी खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीला अंगठ्याएवढा जाड नायलॉनचा दोर बांधा आणि तो उतारावरून पाण्यात, पार तळापर्यंत सोडा. दोराला दर फुटावर गाठ मारा. गाठ नसेल तर ओल्या हातातून दोर सुटतो. मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून, तिला वीस-पंचवीस हात दोर बांधून काठावर ठेवा. ट्यूब नसेल तर झाकण घट्ट लावलेला २० लिटरचा रिकामा कॅन चालतो. ही वस्तू कुणी दुसऱ्या कामाला न्यायची नाही, हे सालगड्यालाही सांगून ठेवा. भोवती तारेचं कुंपण आणि कुलूप लागेल असं फाटक हवंच. नुसत्या बोराटीच्या काट्या लेकरं बाजूला सारतात. शेततळ्यात पोहायला शिकवू नका. शिकवायचं तर पायऱ्यांच्या विहिरीत, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून, आणि पट्टीचा पोहणारा स्वतः पाण्यात हाताच्या अंतरावर असताना. तो काठावर बसून सूचना देत असेल तर उपयोग नाही.

कालव्याचं दुखणं वेगळं. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून २०८ किलोमीटर जातो, उजवा १३२ किलोमीटर. पाण्याची उन्हाळी पाळी सुटली की काल कोरडा असलेला कालवा आज भरून वाहतो, आणि मामाच्या गावाला आलेल्या लेकराला हे कोण सांगणार? सिमेंटचा उतार इथेही निसरडाच, शिवाय पाण्याला ओढ. गोदाकाठी वाळू उपशाचे खड्डे असतात. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल पुरुषभर खोल पडतं. म्हणून पाहुणी लेकरं आली की पहिल्याच दिवशी घरातल्या मोठ्यांनी त्यांना सोबत घेऊन विहीर, तळं, कालवा दाखवावा आणि मोठ्या माणसाशिवाय कुठवर जायचं ती हद्द झाड किंवा बांध दाखवून ठरवून द्यावी. ‘पाण्याकडं जाऊ नको’ एवढं सांगून लेकरू थांबत नाही.

बुडणारं लेकरू ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वासच पुरत नाही. कुणी बुडताना दिसलं तर आधी दोर, ट्यूब, कॅन, साडी किंवा लांब काठी फेका. दोर कमरेला बांधल्याशिवाय आणि तो धरायला काठावर माणूस असल्याशिवाय उडी मारू नका. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, गरगर फिरवणं, माठावर पालथं घालून पोट दाबणं हे सगळं टाळा. पोटातलं पाणी काढण्यात जीव वाचवायची मिनिटं जातात. श्वास नसेल तर उताणं झोपवा, नाक चिमटीत धरून तोंडानं छाती वर येईल असे २ ते ५ श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी तळहातानं दाब द्या. छाती साधारण एक तृतीयांश दबली पाहिजे आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगानं. दर ३० दाबांनंतर २ श्वास. १०८ ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. लेकरू लगेच शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसातल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उसळू शकतो.

दुसरी जागा घरातच आहे: लोखंडी पत्र्याचा कूलर. पंपाची वायर पाण्यात भिजून भिजून तडकते किंवा तिचा जोड उघडा पडतो आणि सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. दोन पिनांची वायर असेल किंवा घराला अर्थिंगच नसेल, तर तो करंट जमिनीत जायला वाट राहत नाही. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरला हात लावणारं लेकरूच ती वाट होतं. हंगामाच्या सुरुवातीला वायरमनकडून तीन गोष्टी करून घ्या: पंपाची जोड नसलेली नवी वायर, तीन पिनांचा प्लग, आणि घराचं अर्थिंग तपासणं. शक्य असेल तर मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. साधा एमसीबी शॉर्टसर्किटला पडतो, माणसाला बसणाऱ्या झटक्याला तो पडत नाही. पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाणी. हे काम लेकरांना सांगायचं नाही. कुणी चिकटलं तर हातानं ओढू नका. मेन स्विच पाडा, तो दूर असेल तर कोरड्या लाकडी काठीनं ढकला. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, डेंगूचा डास याच पाण्यात वाढतो.

उन्हाबद्दल बरंच माहीत असतं, तरी काही गोष्टी चुकतात. मे महिन्यात परभणी, नांदेड, बीडकडे पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी सावली असते, पण उकाडा बाहेरच्यापेक्षा जास्त. अशा घरातल्या लेकरांना १२ ते ४ या वेळात कडुलिंबाखाली, देवळाच्या सभामंडपात किंवा माळवदाच्या घरात बसवा. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले तर फरक जाणवतो. पत्र्यावर पाचट किंवा कडबा टाकायचा तर चुलीचा धूर कुठून निघतो ते आधी पाहा. खिशातल्या कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही. थांबतं ते पाण्यानं, आणि लेकरू खेळात पाणी मागत नाही. दर तासाला हाक मारून पाजा. ताक, पन्हं, ज्वारीची आंबील उत्तम.

जुलाब-उलट्या असतील तर जलसंजीवनी (ओआरएस) द्या. पाकीट मोठं असेल तर पूर्ण १ लिटर पाण्यात, लहान ४.२ ग्रॅमचं असेल तर २०० मिलीलिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकणं धोक्याचं, मीठ जास्त होतं. घरी करायची तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. दुकानातली फळांच्या चवीची गोड खोकी म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यांतली जास्तीची साखर जुलाब वाढवते.

अंग तापलेलं, लेकरू बरळतंय, तोल जातोय किंवा झटका आला, तर तो उष्माघात. क्रोसिन देऊन वाट पाहू नका, हा ताप त्या गोळीनं उतरत नाही. सावलीत घेऊन कपडे काढा, अंगभर पाणी ओता, पंखा लावा, काखेत आणि जांघेत ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन करा. गार करणं गाडीतही चालू ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही.

रात्री अंगणात, शेतातल्या आखाड्यावर झोपणाऱ्यांनी लेकरांना बाजेवर झोपवा आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे पोट दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं ही तिची लक्षणं. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. चावलेला हात-पाय हलू न देता ज्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे तिथं थेट जा. तुमच्या गावाला असा जवळचा दवाखाना कोणता, हे आजच आशाताईंना विचारा. विंचवात छोटा तांबडा विंचू लेकरांना घातक. नुसती आग होत असेल तर एक वेळ धीर धरता येतो, पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं दिसलं की तासाभराचाही उशीर नको. यावर प्राझोसिन ही गोळी लागू पडते, हे मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करून दाखवलं. ती डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची.

वळवाचा पाऊस एप्रिलपासूनच सुरू होतो आणि वारा सुटला की लेकरं पाडाचे आंबे वेचायला झाडाखाली धावतात, नेमकी वीज पडायच्या वेळी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा. ते आसपासच्या विजेचा इशारा देतं. पहिला गडगडाट ऐकला की झाड, पत्र्याचं उघडं शेड, तारेचं कुंपण आणि पाणी सोडून पक्क्या घरात यायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही. वावरात अडकलंच लेकरू, तर पाय जुळवून, डोकं खाली घालून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही. श्वास थांबला असेल तर वर सांगितलेले छातीदाब तिथल्या तिथे सुरू करा.