जोनासची सायकल

रविवार, रात्री उशिरा

लोइस लोरीचं 'द गिव्हर' परत वाचून काढलं. 1993 चं पुस्तक, पुढच्याच वर्षी न्यूबेरी मेडल (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मिळालेलं. गोष्ट जोनास नावाच्या मुलाची, सगळं आयुष्य नियमांनी आखलेल्या आणि लोकांना रंगही न दिसणाऱ्या एका वस्तीतली. यातल्या प्रतीकांचा विषय निघाला की सगळे हमखास सफरचंदावर जातात, ते हवेत असताना क्षणभर बदलल्यासारखं दिसतं आणि तो लाल रंग होता हे जोनासला फार नंतर कळतं. ते सुंदर आहेच. पण यावेळी मी अडकले सायकलपाशी.

त्या वस्तीत मूल केवढं झालंय ते कपड्यांवरून कळतं. चार ते सहा वर्षांच्या पोरांच्या जॅकेटची बटणं पाठीवर, म्हणजे एकमेकांची लावून द्यायची, दुसऱ्यावाचून आपलं अडतं हे अंगवळणी पडावं म्हणून. सातव्याला बटणं पुढे येतात, आठव्याला खिसे, आणि नवव्याला सगळ्यांसमोर समारंभात सायकल, स्वतःच्या नावाची पट्टी लावलेली. त्याआधी चालवायची नाही असा नियम, पण मोठी भावंडं धाकट्यांना लपूनछपून शिकवतातच आणि ते सगळ्यांना माहितीही असतं. एवढ्या कडक जगात ही एवढीशी फट लोरीने ठेवलीये, मला फार आवडली.

म्हणजे सायकल हे स्वातंत्र्यच, पण त्यांनी ठरवलेल्या वर्षी दिलेलं आणि त्यांनी आखलेल्या सपाट रस्त्यांपुरतं. याउलट जुन्या जगाच्या आठवणी एकट्याने सांभाळणारा म्हातारा, म्हणजे गिव्हर, जोनासला पहिली आठवण देतो ती कसली, तर बर्फातून टेकडी उतरणाऱ्या स्लेजची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची. तो विचारतो, हे आपल्याकडे का नाही? तर गिव्हर सांगतो की बर्फामुळे पिकं घेणं अवघड व्हायचं, वाहतूक अडायची, चढावर ट्रक-बस रेंगाळायच्या, म्हणून दोन्ही काढून टाकलं. बस, एवढंच कारण! कोणी दुष्टपणा केला नाही, फक्त सोय बघितली, आणि मला भीती वाटते ती नेमकी याचीच.

शेवटी वस्तीने मारायचं ठरवलेल्या गेब्रिएल या बाळाला वाचवायला जोनास पळतो तेव्हा वडिलांची सायकल घेतो, कारण तिला मागे बाळाची सीट आहे. (हेच वडील जुळ्यांमधल्या कमी वजनाच्या बाळाशी लाडात बोलत बोलत त्याच्या कपाळातल्या शिरेत जीव घेणारी सुई टोचतात, तो भाग मला अजूनही सलग वाचवत नाही.) सायकल खूप दूरवर साथ देते, पण चढ आला, बर्फ आला आणि तिची बारीक चाकं फिरेनात, मग तो ती तिथेच टाकून देतो. टेकडीच नसलेल्या जगाने दिलेली वस्तू टेकडीवर किती चालणार! वर पोचल्यावर हाताशी येते ती स्लेज.

लोरी स्वतः लहानपणी, युद्धानंतरच्या टोकियोत, कुंपणाआडच्या अमेरिकन वसाहतीत राहायची. न्यूबेरीच्या भाषणात तिने सांगितलंय की घरी न सांगता ती सायकलवरून मागच्या गेटने निघायची आणि उतारावरून गजबजलेल्या शिबुयात शिरायची. कुंपण, सायकल, उतार, सगळं आधीच तिच्या आयुष्यात होतं.

बरेच जण म्हणतात शेवटी जोनास थंडीने मरतो आणि ती स्लेज नुसता भास आहे. मला कधीच पटलं नाही. याच मालिकेतल्या 2004 च्या 'मेसेंजर'मध्ये तो जिवंत भेटतो ते सोडा, ते पुस्तक आलं नसतं तरी मी हेच म्हटलं असतं, की बर्फ आणि टेकडी काय असते ते सगळ्या वस्तीत गिव्हरखेरीज याच एका पोराला माहीत होतं, तो उतार त्याला उतरता येणारच होता.