मेगापिक्सेल सोडून बाकी सगळं पाहिलं

कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा आधी फोनमधले जुने फोटो उघडून बसले. आपण फोटो काढतो तरी कसले, हे एकदा बघून घ्यावं म्हटलं. डोंगर-सूर्यास्त मोजकेच निघाले. बाकी सगळी घरातली माणसं, तीही संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात. आणि त्यातले बरेचसे हललेले.

मग बऱ्याच गोष्टी आपोआप गळाल्या. 24 मेगापिक्सेल म्हणजे 6000 × 4000 पिक्सेल. इंचाला 300 पिक्सेल धरले तरी 20 इंच रुंद प्रिंट निघतो. एवढा मोठा प्रिंट मी कशाला काढतेय? सेन्सरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपचं, मात्र नीट वाचलं. ‘1 इंच’ म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात 13.2 × 8.8 मिमी असतो, इंचभर कुठूनही भरत नाही! तरी लहान कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातल्या 1/2.3 इंचीच्या तो क्षेत्रफळाने चौपट, आणि एपीएस-सी नावाचा मोठा सेन्सर त्याच्याही तिप्पट.

दुकानात एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, हातात घेतला. सोबतची झूम लेन्स पुढे ओढली की एफ/5.6 च्या खाली येईना. (हा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त उजेड आत येतो.) आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, 3200 वर ठेवून विक्रेत्याला हात हलवायला सांगितला. शटर 1/15 सेकंद उघडं राहील असं दाखवत होतं, बोटांचा नुसता धूर. हलणं सावरणारं स्टॅबिलायझेशन चालू होतं, पण ते आपला हात सावरतं, समोरच्याचा नाही. मग एफ/1.8 ची लेन्स लावली. तोच उजेड, तोच आयएसओ, आणि शटर थेट 1/160. बोटं वेगवेगळी दिसली. तिथेच माझा निर्णय झाला.

तरी एक अडचण उरलीच. ती लेन्स 35 मिमीची होती आणि एपीएस-सीवर 35 म्हणजे फुलफ्रेमच्या (त्याहून मोठ्या सेन्सरच्या) 52 सारखी, चौकटीत कमी मावतं. खोलीत चार माणसं बसवायची तर पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे जावं लागतं. म्हणून जास्त रुंद दिसणारी 24 मिमी घेतली, एफ/1.8 चीच. झूम नाही म्हटल्यावर विक्रेत्याने दोनदा विचारलं, ‘नक्की ना?’

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी), वजन, यूएसबीवर चार्ज होणं हे सगळं त्यानंतर पाहिलं. बॅटरी मात्र एक जास्तीची घ्यावीच. मिररलेस चालू असला की स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत वीज खातो.

खिडकीबाहेरचे पक्षी 24 मिमीत ठिपक्याएवढे येतात. त्यांना लांब लेन्स लागेल, ती माझ्या रोजच्या पिशवीत मावणार नाही, तेव्हा तो विषय सध्या बंद.