परांड्याच्या वाटेवरचा बांबू

धाराशिव जिल्ह्यातील परांडा किल्ल्याच्या प्रवेशमार्गाची मापे घेऊन नकाशा काढण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. अहमदनगर १६०० मध्ये मोगलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशाहाला गादीवर बसवले आणि येथूनच राज्य सावरले. त्या जागी गवत आणि बाभळी माजल्या होत्या आणि दिवसभर आम्हा तिघांशिवाय कोणी फिरकत नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटत असे.

भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो. खंदक, दुहेरी तट आणि त्यांच्यामधून वळत जाणारी चिंचोळी वाट, एवढ्यावरच त्याचा भरवसा असतो. खंदक ओलांडून आलेल्या शत्रूला मुख्य दरवाजा समोर दिसत नाही, हत्तीला धडक देण्यापूर्वी धाव घेता येत नाही आणि वळणावळणावर वरून मारा होत राहतो. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांनी याच किल्ल्याला वेढा घातला होता; वैरणीची टंचाई झाली, पावसाळा तोंडावर आला आणि त्या बलाढ्य मोगली फौजेला हात हलवत परतावे लागले.

तिसऱ्या दिवशी टेप धरणाऱ्या गावच्या मामांनी मला विचारले, "साहेब, विजापूरची ती मोठी तोफ इथलीच म्हणतात, मग ती या वाटेनं भाईर कशी काढली असंल?" प्रश्न मनात रुतून बसला. मलिक-ए-मैदान ही तोफ महंमद बिन हसन रूमी याने १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. ती पुढे परांड्यात आली आणि किल्ला आदिलशाहीकडे गेल्यावर, १६३२ मध्ये, विजापूरला नेण्यात आली. तिची लांबी सुमारे साडेचार मीटर आणि वजन सुमारे ५५ टन.

मी मामांना साडेचार मीटरचा बांबू तोडायला सांगितले आणि आम्ही तो आडवा धरून आतून बाहेर निघालो. तोफेची जाडी जेमतेम दीड मीटर, त्यामुळे दरवाजांच्या रुंदीची मला काळजी नव्हती. खरी अडचण वळणांची होती. एका कोपऱ्यावर बांबूचे पुढचे टोक भिंतीला टेकले. आम्ही मागे सरलो, तो तिरपा केला, पुन्हा पुढे झालो, आणि तिसऱ्या खेपेस तो सुटला. हातातल्या हलक्या बांबूची ही गत, तर तेथे ५५ टन धातू, खाली ओंडके, पुढे जुंपलेले बैल आणि त्यानंतर खंदकावरची वाट! शत्रूला थोपवण्यासाठी घातलेल्या वळणांनी त्या दिवशी स्वतःच्याच तोफेला किती अडवले असेल, हे मला प्रथमच हातांनी समजले.

मागितलेल्या नकाशात तोफेचा काही संबंध नव्हता. तरीही बांबू जिथे जिथे भिंतीला टेकला, त्या जागा मी नकाशावर तांबड्या शाईने दाखवल्या आणि मामांच्या प्रश्नासह तो कागद तसाच सादर केला.