अथेन्समधली बोंडली आणि पेळू

मोनास्तिराकी मेट्रोतून उतरून आगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, शिरलं की अट्टालोसच्या स्तोआतलं (खांबांच्या लांब ओसरीतलं) संग्रहालय आधी पाहावं. इथली माझी आवडती वस्तू म्हणजे बाळाला शौचाला बसवायचं मातीचं आसन, इ.स.पू. सहाव्या शतकातलं. खाली पोकळ बैठक, वर वाडगा. बाळाचे पाय समोरून बाहेर काढायचे. बाळ त्यात कसं बसे हे ब्रसेल्समधल्या एका किलिक्सवर, म्हणजे पसरट प्याल्यावर, दिसतं: ते आसनात अडकलेलं, समोर आई.

दुधासाठीची चोचीची भांडी दिसायला थेट आपल्या बोंडल्यासारखी. अशा काही भांड्यांनी दिव्यात तेल घालत असावेत, असंही काही अभ्यासक म्हणतात. त्यामुळे भांडं बाळाच्या थडग्यात सापडलं की जास्त खात्री वाटते. चोच इतकी अरुंद की आतून घासणं अशक्यच.

तिथून राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात जावं. चित्रित भांडी वरच्या मजल्यावर आहेत. तिथे एरेट्रिया या गावी सापडलेलं एपिनेट्रॉन, म्हणजे लोकरकामाचं मांडीवरचं साधन, शोधा, इ.स.पू. ४२५ च्या सुमाराचं. हे अर्ध्या नळीसारखं, गुडघ्याकडचं तोंड बंद; मांडीवर पालथं घालायचं. वरच्या खवल्यांच्या खरबरीत भागावर लोकर घासून पेळू करायचे आणि मग टकळीवर सूत काढायचं. यावर मात्र ग्रीक पुराणकथांतल्या आल्केस्टिस आणि हार्मोनिया या दोन नववधूंच्या लग्नांची नाजूक चित्रं आहेत. इतकं देखणं एपिनेट्रॉन रोज मांडीवर घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

हायड्रियाचे, म्हणजे पाण्याच्या घड्याचे, कान मोजा: दोन आडवे, भरलेलं भांडं उचलायला, तिसरा उभा, पाणी ओतायला. काळ्या रंगात मध्येच लालसर डाग दिसला तर तो भट्टीतला दोष. आधी हवा देऊन, मग धूर कोंडून, शेवटी पुन्हा हवा देऊन भाजत. मधल्या टप्प्यात धूर एखाद्या जागी नीट पोचला नाही, की तिथे काळा रंग धरत नसे.

पांढऱ्या लेकिथॉसवर, म्हणजे मृतांसाठीच्या तेलाच्या उभट भांड्यावर, कधी दासीच्या कडेवर बाळ असतं आणि समोर त्याची गेलेली आई. यातले रंग पुष्कळदा उडालेले, कारण काही रंग भाजल्यानंतर लावलेले. काहींच्या आत छोटी कुपी बसवलेली असते: भांडं मोठं दिसावं, तेल मात्र चमचाभर. अशा वेळी बाजूला बारीक भोक शोधा. ते नसतं, तर आत कोंडलेल्या हवेने लेकिथॉस भट्टीतच फुटला असता.