तुम्ही विचारलंत म्हणून : सात वार, सात चर्च

लंडनमधील एका चर्चच्या हिवाळी निवाऱ्यात मी बरीच वर्षे स्वयंपाकाला जात असे, हे कळले की पुण्याची माणसे हमखास विचारतात, "बेघर माणसाला रोज नव्या चर्चमध्ये झोपवण्यापेक्षा एकच जागा का देत नाहीत?"

साधे कारण असे की एकट्या चर्चला ते झेपत नाही. आमच्या सभागृहात दिवसा बालवाडी भरे, संध्याकाळी गायनवृंदाची तालीम असे आणि आठवड्यातली एकच रात्र मोकळी मिळे. म्हणून परिसरातील सात चर्चनी वार वाटून घेतले होते. आमच्याकडचे पाहुणे (निवाऱ्यात त्यांना हाच शब्द) दुसऱ्या दिवशी पुढच्या चर्चला जात आणि त्यांची अंथरुणे नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्यांतून व्हॅनने मागोमाग पोहोचत. एक गृहस्थ मात्र आपली प्लास्टिकची फाइल कधीच पिशवीत ठेवत नसत, ती उशाखाली घेऊन झोपत. तीत कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, पत्रे होती.

निवाऱ्याचा खरा उपयोग मला त्या फाइलमुळे कळला. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्याने बेघरांची जबाबदारी कौन्सिलवर टाकली खरी, पण घर देण्याचे बंधन मुख्यतः मुले असलेली कुटुंबे, गरोदर स्त्रिया आणि वय वा आजारामुळे असहाय झालेली माणसे यांच्यापुरते ठेवले. धडधाकट एकटा पुरुष त्यात सहसा बसत नाही. एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने त्याच्यासाठीही प्रयत्न करणे भाग पडले, मात्र प्रयत्न म्हणजे घर नव्हे. खाजगी खोली शोधणे, अनामत उभी करणे, भाडेमदतीचा अर्ज भरणे, ही कामे महिनोन्‌महिने चालतात, आणि ती करणाऱ्या कार्यकर्तीला रोज वेगळ्या आडोशाला झोपणारा माणूस सापडणार कुठे? आमच्याकडे तो सापडे, तोही जेवलेला आणि फोन चार्ज केलेला.

२०२० मध्ये कोविड आला आणि शेजारी शेजारी गाद्या घालणे थांबले. त्यानंतर अनेक निवारे स्वतंत्र खोल्यांकडे वळले. हे आधीच व्हायला हवे होते, कारण गाद्या अंथरण्यात आमचेही समाधान थोडे जास्तच गुंतले होते.

फाइलवाल्या गृहस्थांना अखेर खोली मिळाली, तेव्हा मी एक कढई घेऊन गेले. कढईकडे त्यांनी पाहिलेही नाही. दाराची दुसरी किल्ली कोणाकडे असते, एवढेच ते कार्यकर्तीला पुन्हा पुन्हा विचारत होते.